दोघांचा मिळून एक वकील

तुंगाने वहिनीची पर्स उघडली तेव्हा घरात कोणी नव्हतं. अण्णा मठात गेले होते, बिंदुदादा कचेरीत. वेणी शाळेत होती आणि वहिनी कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण आणायला गेली होती. रांगेत तिला वीस मिनिटं तरी लागणार होती. पर्स नेहमीसारखी खुंटीला होती.

आत बसचा पास, केसांच्या पिना, कुंकवाची डबी आणि एक जुना हातरुमाल. रुमालाच्या घडीत एक कार्ड होतं. ‘गिरिजाबाई वेंकोजीराव, बी.ए., एलएल.बी., वकील. हुणसूर रस्ता, हिनकल, म्हैसूर.’ खाली फोन नंबर. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘बुधवार, ४ वाजता’. अक्षर वहिनीचंच.

म्हणजे तिचा संशय खरा होता.

मागच्या शुक्रवारी वेणी शाळेतून आली ती वडिलांची भेट सांगतच आली. तुंगा माहेरी आल्यापासूनच्या चौदा महिन्यांत गुरुराज पहिल्यांदाच शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. त्याने मुलीला पेरू दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “धारवाडला थंडी असते म्हणे. जाताना स्वेटर विसरू नकोस.”

धारवाडच्या नोकरीबद्दल तुंगाने घराबाहेर एक शब्दही काढला नव्हता. तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्राची जागा होती. अर्ज रजिस्टरने पाठवायला तिने वहिनीकडेच दिला होता. घरात माहिती होतं ते चौघांना. ती स्वतः, अण्णा, दादा आणि वहिनी. अण्णा तर धारवाडचं नाव काढलं तरी उठून बागेत जायचे. दादा कुणाशीच फारसं बोलत नसे. मग राहिलं कोण?

आणि आता हे कार्ड. गुरुराजने वकील धरला असणार, आणि वहिनी त्या वकिलाला भेटत असणार. का, तेही तुंगाला समजण्यासारखं होतं. तीन खोल्यांच्या घरात दोन माणसं वाढली होती. वेणीचा अभ्यास वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर चालायचा.

तिने पर्स मिटली आणि तिथेच उभी राहिली. नऊ वर्षं रोज संध्याकाळी गुरुराज तिची पर्स जेवणाच्या टेबलावर उपडी करत असे. बसची तिकिटं तपासायचा, विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या वाचायचा, तिकिटावरची वेळ आणि घरी आल्याची वेळ जुळवायचा. आता तेच करताना तिची बोटं अगदी स्थिर होती, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

तरी तिने कार्ड परत ठेवलं नाही.

*

रविवारी दहा वाजता चिदंबर वकील आले. अण्णा, म्हणजे भीमसेनराव, सकाळपासून व्हरांड्यात येरझारा घालत होते. चिदंबर त्यांचा महाराजा कॉलेजातला मित्र. चामराजपुरममध्ये त्याची कचेरी होती आणि पस्तीस वर्षांत त्याने या घराचं प्रत्येक कागदपत्र केलं होतं. बायको गेली तेव्हा मृत्यूचा दाखला काढायलाही तोच धावला होता. मुलीच्या घटस्फोटासाठी दुसऱ्या कुणाचं नाव त्यांच्या मनात आलंच नव्हतं.

“ये रे, बैस,” ते म्हणाले. मग सुनेला हाक मारली, “जयलक्ष्मी, कॉफी.”

बिंदुमाधव खिडकीपाशी बसला. तुंगा आईच्या जुन्या खुर्चीत, कडेला. जयलक्ष्मी कॉफीचे पेले ठेवून स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. वेणीला शेजारी पाठवलं होतं.

चिदंबरनी पिशवीतून टंकलिखित कागद काढले. “नोडम्मा,” ते तुंगाला म्हणाले, “बघ बाळ, हे आपसातल्या संमतीचं आहे. दोघांचा मिळून एकच अर्ज. आरोप नाहीत, भांडण नाही. वर्षभर वेगळे राहिलात, ती अट पूर्ण झालेली आहे. आज सही, पुढच्या आठवड्यात अर्ज, मग सहा महिने थांबायचं आणि पुन्हा एकदा कोर्टात उभं राहून हो म्हणायचं. आयतु. संपलं.”

“आणि ही कबूल झाली नाही तर?” बिंदुमाधवने विचारलं.

“मग छळाचा दावा लावा. चार-पाच वर्षं. हिला पिंजऱ्यात उभी करतील, नको ते विचारतील. तुझ्या वडिलांनाही बोलावतील.”

भीमसेनरावांनी पेला खाली ठेवला. पिंजऱ्याचं नाव निघालं की त्यांना घाम फुटे. आयुष्यभर हेडमास्तरकी केलेला माणूस, अर्धं सरस्वतीपुरम त्यांचे विद्यार्थी. त्यातलाच कुणीतरी समोरच्या बाजूचा वकील म्हणून उभा राहील आणि विचारेल, सर, तुम्ही स्वतः काय पाहिलंत?

“वाचू दे तिला,” ते म्हणाले.

तुंगा सावकाश वाचत होती. पहिली चार कलमं झाली. वेणी आईकडे राहील, रविवारी वडिलांकडे जाईल. पाचव्या कलमापाशी तिचं बोट थांबलं.

“काका, हे काय आहे? ‘पत्नी नोकरीनिमित्त अथवा अन्य कारणाने म्हैसूर शहर सोडून गेल्यास मुलीचा ताबा पतीकडे राहील.’”

“ते नेहमीचंच. बाप भेटत राहावा म्हणून.”

“नेहमीचं? ‘नोकरीनिमित्त’ हा शब्द नेहमीचा आहे?”

भीमसेनरावांची नजर बागेतल्या कर्दळींकडे गेली.

“मी धारवाडला जाणार हे त्याला कुणी सांगितलं?” तुंगाने कागद मांडीवर ठेवले. मग कंबरेला खोचलेलं कार्ड काढून टीपॉयवर टाकलं. “वहिनी, बुधवारी चार वाजता तुम्ही हिनकलला कुणाला भेटता?”

*

जयलक्ष्मीने कार्ड पाहिलं आणि आधी तिच्या मनात आलं ते इतकंच, की हिने माझी पर्स उघडली. राग यायला हवा होता. पण या मुलीला चौदा महिने या घरात पावलं न वाजवता वावरताना तिने पाहिलं होतं. राग आला नाही.

“तुझ्यासाठीच आणलं होतं,” ती म्हणाली. “चांगली वकील आहे म्हणून कळलं. द्यायचं राहून गेलं.”

हे पटण्यासारखं होतं. तुंगाचा चेहरा जरा सैलावला. पण चिदंबरनी हात लांब करून कार्ड उचललं आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेलं.

“हिला ओळखतो मी. घरं मोडायची भारी हौस.” ते हसले. “पण जयलक्ष्मी, हा नंबर तर जुना. हिचा फोन बदलून दोन वर्षं झाली. तुंगा इथं येऊन किती झालं, चौदा महिने ना? मग हे तिच्यासाठी कसं?”

बिंदुमाधव खिडकीकडून वळला.

“म्हणजे?” तो म्हणाला.

जयलक्ष्मीच्या हातात पदराचं टोक होतं. अजूनही काहीबाही सांगता आलं असतं. माहेरच्या कुणासाठी, शेजारणीसाठी. सगळ्यांनी ते मानलं असतं, कारण मानणं सोयीचं होतं. मग चिदंबरकाकांनी पेनाचं टोपण काढलं असतं. तुंगा तशी हट्टी होती, पण आता दमली होती. दमलेलं माणूस कुठेही सही करतं, हे जयलक्ष्मीला ठाऊक होतं.

“तुंगा, सही करू नकोस,” ती म्हणाली.

“जया, तुला कायद्यातलं काय कळतं?” बिंदुमाधवचा आवाज चढला.

“एवढं कळतं की दोघांचा मिळून एक वकील असला तर तो दोघांचा नसतो. काका, ही सही करून मोकळी होईल असं तुम्ही म्हणालात. सहा महिन्यांत मन बदललं तर दोघांपैकी कुणालाही मागे फिरता येतं, हे का नाही सांगितलंत? आणि मुलीच्या ताब्याचं एकदा लिहिलं म्हणजे कायमचं झालं, असंही नसतं. पुन्हा कोर्टात जाता येतं. पण आधी सही करून मग भांडायला जायचं म्हणजे हिने स्वतःच लिहून दिलंय, असं ते दाखवणार. शिवाय छळाचा खटला काही चौकात चालत नाही. अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होते. अण्णांना ते तरी सांगायचं होतंत.”

भीमसेनरावांनी चिदंबरकडे पाहिलं. “खरं हे?”

“म्हणजे... होतं तसं,” चिदंबर म्हणाले. “पण माणसांना कळायचं ते कळतंच रे.”

“हे सगळं तुला कुणी शिकवलं?” बिंदुमाधव उठून उभा राहिला होता.

“गिरिजाबाईंनी. तीन वर्षांपूर्वी. मी माझ्यासाठी गेले होते.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. जयलक्ष्मी आत गेली, गॅस बंद केला, परत त्याच जागी येऊन उभी राहिली. मग ती नवऱ्याशी बोलली, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“माझ्या भावाच्या गृहप्रवेशाची पत्रिका तुम्हाला चार दिवस उशिरा आली. आठवतं? तेवढ्यावरून आठ महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पानावर बसून अण्णांना म्हणायचात, ‘मीठ द्यायला सांगा.’ मी हाताच्या अंतरावर उभी असायची. मला ताप आला तेव्हा अण्णांनी विचारलं, डॉक्टरला बोलावू का. तुम्ही पेपर वाचत होतात.”

“जया, बाहेरच्या माणसांसमोर...”

“गिरिजाबाईंनी विचारलं, मारतो का? म्हटलं, नाही. पितो का? नाही. मग त्या म्हणाल्या, न बोलणं हाही छळ आहे, पण ते सिद्ध करायला साक्षीदार लागेल, कोण आहे? साक्षीदार एकच होते.” तिने सासऱ्यांकडे पाहिलं. “बुधवारी या, नीट विचार करून, असं त्यांनी सांगितलं. मंगळवारी तुम्ही बोललात. ‘छत्री कुठे आहे,’ असं विचारलंत. मी छत्री दिली. बुधवारी गेले नाही.”

बिंदुमाधव काही तरी म्हणणार होता. आपण गप्प आहोत हे या क्षणी खोलीतल्या प्रत्येकाला दिसतंय, हे त्याला कळलं.

तुंगा उठून वहिनीजवळ गेली होती. “मला वाटलं, तुम्ही त्याला...”

“माहीत आहे काय वाटलं. तुझ्या जागी मलाही वाटलं असतं.” जयलक्ष्मीचा आवाज आता खाली आला. “पण मी नाही सांगितलं धारवाडचं. दर गुरुवारी मठातून घरी यायला अण्णांना दोन तास का लागतात, ते त्यांनाच विचार.”

*

भीमसेनरावांना वाटलं होतं, विचारलं गेलं तर आपण रागावू. वडील आहोत, वय आहे. पण मुलीने विचारलं नाही. ती नुसती पाहत राहिली. शाळेत एखादा हुशार मुलगा कॉपी करताना सापडला की ते स्वतः त्याच्याकडे असंच पाहायचे.

“चिदंबरकडे जात होतो,” ते म्हणाले. “गुरुराज तिथं यायचा. तीन-चारदा भेटलो. त्याचा राग ओसरलाय, नीट वागेन म्हणाला. आपसात मिटवू म्हणाला. धारवाडचं मीच सांगितलं.”

“आणि पाचवं कलम?”

उत्तर चिदंबरनी दिलं. “ते तुझ्या वडिलांनीच घालायला लावलं. गुरुराजने मागितलं नव्हतं.”

“अण्णा!”

“वेणी जाईल मग धारवाडला,” भीमसेनराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. “सकाळी दूध ती आणते. माझ्या चष्म्याची काच ती पुसते. तू गेल्यावर घरात दोघं, एकमेकांशी न बोलणारी. आणि मी. मला वाटलं, अट घातली तर तू जाणार नाहीस. राहशील. बस, एवढंच.”

“मी राहिले नसते तर मुलगी त्याच्याकडे गेली असती. पर्स उपडी करणाऱ्या माणसाकडे.”

“ते मला...”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

भीमसेनरावांनी तुंगाच्या खुर्चीत राहिलेले कागद उचलले, नीट घडी घातली आणि चिदंबरच्या पिशवीत ठेवले.

“माहीत होतं,” ते म्हणाले. “मी तुमच्याकडे आठ दिवस राहिलो होतो. तू कॉलेजातून आलीस. त्याने पर्स ओतली टेबलावर. एक कंगवा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी पेपर वर केला, तोंडासमोर. कंगवाही उचलून दिला नाही.” ते चिदंबरकडे वळले. “तू जा आता. रागाने म्हणत नाही. पण या कामात तू नको.”

चिदंबरनी पिशवी उचलली. दारात थांबून ते म्हणाले, “भीमसेना, तुझ्या भल्यासाठीच केलं रे.” त्यांना कुणी अडवलं नाही. पेल्यातली कॉफी तशीच राहिली होती.

*

सोमवार आणि मंगळवार घरात सगळे एकमेकांना जरा जास्तच सांभाळून होते. बिंदुमाधव बोलत होता. मुद्दाम बोलत होता. आमटी छान झालीय, बस मिळाली का, नळाला पाणी आलं का. जयलक्ष्मी उत्तरं देत होती, तेवढीच. प्रत्येक उत्तरानंतर त्याला वाटे, ही मनात काहीतरी जमवतेय. तिने कपाट उघडलं की तो पाहायचा. तीन वर्षांत ती आणखी कुठे कुठे गेली असेल? दर महिन्याला माहेरी जायची, ते माहेरीच होतं ना?

बुधवारी त्याने अर्धी रजा टाकली. दोघी गिरिजाबाईंकडे जायला तयार होत होत्या.

“मी सोडतो,” तो म्हणाला.

“तिघं कसे जाणार स्कूटरवर? आम्ही बसने जाऊ,” जयलक्ष्मी म्हणाली.

तरी तो निघाला. बसच्या मागे मागे, हुणसूर रस्त्याने. हिनकलला गिरिजाबाईंची कचेरी म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली होती. भिंतीवर जुन्या फौजी पोशाखातल्या कुणा पूर्वजाची तसबीर, खाली फायलींचे ढीग. खिडकी रस्त्याकडे उघडी. बिंदुमाधवने समोरच्या वडाखाली स्कूटर लावली. ट्रक गेला की काही ऐकू येत नसे. मधल्या वेळात मात्र गिरिजाबाईंचा जाड, खणखणीत आवाज स्पष्ट यायचा.

“...त्याला त्याचा वकील करू दे. आपसात मिटलं तर उत्तमच, पण पाचवं कलम नाही. धारवाडला जायचंय तर जा, सुट्टीत मुलगी बापाकडे, असं लिहू. मुलीची भेट हा त्याचाही हक्क आहे, तो मोडायचा नाही. कळलं?”

तुंगा काहीतरी म्हणाली.

“दहा वर्षांची आहे ना? मग न्यायाधीश तिला आपल्या खोलीत बोलावून विचारतील. तिला पढवू नका. तुम्हीही नाही, आजोबांनीही नाही. पढवलेलं पोर दोन मिनिटांत ओळखतात ते. लग्नातले दागिने कुठे आहेत? त्याच्याकडे? ते तुमचे आहेत. यादी करा. आणि तो कबूल झाला नाही तर छळाचा दावा. साक्षीला कोण?”

“माझे वडील,” तुंगाचा आवाज आला. “काल म्हणाले, मी येतो. पाहिलं ते सांगतो.”

एक लांबलचक बस गेली. ती गेल्यावर खिडकी बंद झालेली होती.

बिंदुमाधव वाट पाहत राहिला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेजारच्या पंक्चरवाल्याने दोनदा कानडीत विचारलं, साहेब, कुणाची वाट बघताय? त्याने नुसता हात हलवला. अण्णा कोर्टात उभे राहणार. सत्तरीतला माणूस, ज्याने पेपर तोंडासमोर धरला होता. आठ महिने त्याच अण्णांकरवी मीठ मागून घेताना, त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं? त्याने कधी पाहिलं नव्हतं. समोर जया उभी असायची, आणि तिच्याकडे पाहायचं नाही एवढंच त्याचं लक्ष असायचं.

दार उघडलं. तुंगा एकटीच बाहेर आली. हातात एक फाईल होती. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिचे केस मोकळे सोडल्यासारखे दिसत होते, वाऱ्याने सुटले असतील.

“झालं?” त्याने रस्ता ओलांडून विचारलं.

“माझं झालं.”

“मग जया?”

तुंगाने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मदतही नव्हती. “वहिनी आत आहेत. मला म्हणाल्या, तू पुढे हो, वेणी शाळेतून येईल. तू खिडकीतून दिसलास, तुलाही सांगायला सांगितलंय. थांबू नका म्हणाल्या, त्या बसने येतील.”

“कशाला थांबलीय? काय बोलतेय?”

“मला बाहेर पाठवून दार लावून घेतलं, दादा. मला कसं कळणार?”

सरस्वतीपुरमची बस आली. तुंगा चढली, खिडकीतून तिने हात केला. बिंदुमाधव रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मग वडाकडे न जाता तो गिरिजाबाईंच्या पायऱ्या चढला. व्हरांड्यात पक्षकारांसाठी एक लाकडी बाक होतं. दोन बायका आधीच बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. आतून जयाचा आवाज येत होता, हळू, सलग, न थांबता. शब्द कळत नव्हते. इतका वेळ ती बोलू शकते हे त्याला माहीतच नव्हतं.

तो बाकावर बसला.